ठाऊक असण्याचे ओझे : थरारपटातील ताण आणि प्रेक्षकाची नैतिक जागा

१

थरारपटाविषयी आपल्याकडे सामान्यतः दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार थरारपट ही दोन-अडीच तासांची करमणूक असून तिच्यात नैतिक प्रश्न शोधणे म्हणजे नसत्या ठिकाणी गांभीर्य पेरणे होय. दुसऱ्या मतानुसार थरारपट खून, फसवणूक आणि भय यांचा व्यापार करतो. म्हणून तो प्रेक्षकाची संवेदना बोथट करतो आणि नैतिकदृष्ट्या संशयास्पद ठरतो. ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्यामागील गृहीतक एकच आहे. दोन्ही मते थरारपटाचा विचार त्याच्या विषयावरून करतात, रचनेवरून करीत नाहीत. पडद्यावर काय घडते एवढेच पाहिले जाते. जे घडते ते कोणाला, केव्हा आणि किती कळते, हे पाहिले जात नाही.

प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे. थरारपटातील ताण हा रक्त, अंधार किंवा कर्कश पार्श्वसंगीत यांतून निर्माण होत नाही. ही सारी साधने आहेत. ताण निर्माण होतो तो ज्ञानाच्या वाटपातून. पात्रांना काय ठाऊक आहे, प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, आणि या दोहोंत किती अंतर आहे, यांवर तो अवलंबून असतो. चौकट कोठे आखावी, दृश्य कोठे तोडावे, कोणता ध्वनी प्रतिमेआधी ऐकू द्यावा, कोणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ स्थिर ठेवावा, हे सर्व निर्णय या वाटपाचे निर्णय असतात. आणि एखादी गोष्ट ठाऊक असणे ही नैतिकदृष्ट्या तटस्थ अवस्था नसते. ज्याला ठाऊक आहे त्याची जबाबदारी, ज्याला ठाऊक नाही त्याच्याहून वेगळी असते, हे आपण व्यवहारात रोज मानतो. तसे असेल तर चित्रतंत्राचा प्रश्न आणि नीतीचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न उरत नाहीत.

२

ज्ञानाच्या वाटपाविषयीचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन आल्फ्रेड हिचकॉकचे आहे. १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफोने त्याच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि १९६६ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यात हिचकॉकने टेबलाखाली ठेवलेल्या बॉम्बचा दाखला दिला आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब ठेवलेला आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलापाशी बसलेल्यांना मात्र कळलेले नाही, तर त्यांच्या अगदी क्षुल्लक गप्पाही प्रेक्षकाला असह्य होतात.

हा दाखला वारंवार उद्धृत झाल्यामुळे गुळगुळीत झाला आहे. शिवाय टेबलाखालचा बॉम्ब ही एक सोयीस्कर कल्पना आहे. तीत कोणी खरोखर मेलेले नसते. म्हणून आपल्या परिसरातील एक घटना विचारासाठी घेतो. नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर मोवाड हे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी नदीला आलेल्या महापुरात या एका गावातील दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेवर कोणी कथापट करावयास घेतला, अशी क्षणभर कल्पना करू. दिग्दर्शकापुढे तीन मार्ग असतील. पहिल्या मार्गाने तो गावातील नित्याचा दिनक्रम दाखवील आणि पाण्याचा लोंढा अकस्मात चौकटीत आणील. हा धक्का होय. दुसऱ्या मार्गाने तो पूर ओसरल्यानंतर आरंभ करील. चिखलाने भरलेली घरे दाखवील आणि कोण वाचले, कोण गेले, असे का झाले, याचा उलगडा मागाहून करीत जाईल. हे रहस्य होय. तिसऱ्या मार्गाने तो वरच्या अंगाला चढणारे पाणी आणि गावातील निश्चिंत घरे आलटून पालटून दाखवील. एका चौकटीत पाणी, दुसऱ्या चौकटीत चूल. ही उत्कंठा होय.

घटना एकच, परंतु या तीन रचनांत प्रेक्षकाची जागा तीन ठिकाणी आहे. धक्क्यात तो गावकऱ्यांच्या शेजारी आहे. त्यांच्याइतकाच अजाण आणि म्हणून त्यांच्याइतकाच निर्दोष. रहस्यात तो पंचनामा करणाऱ्याच्या शेजारी आहे. त्याचा संबंध मृतांशी नसून माहितीशी आहे. उत्कंठेत मात्र तो एका विलक्षण एकाकी जागी आहे. त्याला ठाऊक आहे आणि त्याला हाक मारता येत नाही. चित्रगृहातील खुर्चीत बसून 'पळा' असे मनात म्हणणारा माणूस हास्यास्पद नाही. जाणतेपणाचे ओझे आणि कृतीची अशक्यता या दोहोंच्या मध्ये तो सापडलेला आहे. थरारपटाचा ताण म्हणजे या सापडण्याचा अनुभव.

मात्र याच ठिकाणी अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. ज्या गावाने तो दिवस खरोखर सोसला, त्याच्या मरणाची चाहूल आपण श्वास रोखून 'अनुभवावी', हे योग्य आहे काय? टेबलाखालच्या बॉम्बविषयी हा प्रश्न पडत नाही. मोवाडचे नाव घेताच तो पडतो. थरारपटाचा नैतिक विचार येथून सुरू झाला पाहिजे.

३

या प्रश्नाला भारतीय साहित्यशास्त्रातून एक उत्तर संभवते, आणि ते वजनदार आहे. भयानक रसाची चर्चा करताना अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील हरिणाचा दाखला घेतला आहे. दुष्यंताचा रथ मागे लागलेला आहे आणि जीव घेऊन पळणारे हरिण मान वळवून मागे पाहत आहे, असे ते चित्र आहे. अभिनवगुप्ताच्या मते रसिकाला येथे जे भय प्रतीत होते ते 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला', 'हा शत्रू' किंवा 'हा मित्र' अशा विशिष्ट संबंधांनी बांधलेले नसते. देश, काळ आणि व्यक्ती यांच्या मर्यादांतून सुटलेले असे ते केवळ भय असते. म्हणूनच ते आस्वाद्य होते. विशिष्ट हितसंबंध सुटल्याखेरीज निर्विघ्न प्रतीती संभवत नाही.

ही उपपत्ती मान्य केली तर थरारपटाविषयीचा आक्षेप बराचसा मावळतो. आपण कोणा एकाच्या मरणाची मजा घेत नसतो; भय या मूलभूत मानवी भावाचे स्वरूप पाहत असतो. परंतु हाच दाखला थोडा अधिक जवळून पाहिला म्हणजे दोन गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट दृष्टिकोणाची. हरिणाच्या भयाचे ते वर्णन दुष्यंताच्या तोंडी आहे. भयाचे सौंदर्य शिकाऱ्याला दिसलेले आहे आणि ते रथातून दिसलेले आहे. हरिणाच्या डोळ्यांनी पाहिले असते तर ते दृश्य कसे असते, हे नाटक सांगत नाही. रंगभूमीवर प्रेक्षकाची खुर्ची स्थिर असल्यामुळे हे शब्दांतून आलेले रथस्थान सहसा जाणवत नाही. चित्रपटात मात्र खुर्चीच हलते. कॅमेरा कोठेतरी असावाच लागतो. तो रथात असेल, हरिणाच्या पाठीशी असेल किंवा झाडाआड असेल. परंतु 'कोठेही नाही' असे स्थान त्याला उपलब्ध नाही. साधारणीकरणाने जे विशिष्ट संबंध सुटतात, त्यांतील एक संबंध कॅमेरा पुन्हा जोडतो. तो म्हणजे 'मी कोणाच्या बाजूने पाहत आहे' हा.

दुसरी गोष्ट पाठलागाच्या शेवटाची. बाण सुटण्याच्या बेतात असताना तपस्वी मध्ये येतो आणि हे आश्रमातील हरिण आहे, ते मारू नये, असे सांगतो. राजा बाण आवरतो. म्हणजे आपल्या परंपरेतील या अत्यंत गाजलेल्या पाठलागाचा ताण कोणाच्या मृत्यूने किंवा कोणाच्या निसटण्याने संपत नाही. तो एका हस्तक्षेपाने संपतो. कोणीतरी मध्ये उभा राहतो आणि बोलतो. भयाचा आस्वाद आणि हे मध्ये उभे राहणे, या दोन गोष्टी कालिदासाने एकमेकींना लागून ठेवल्या आहेत. साहित्यशास्त्राने पहिलीची मीमांसा केली. दुसरीचा विचार येथे महत्त्वाचा आहे.

४

कॅमेरा आपल्याला कोणत्या बाजूला बसवितो, याचे सर्वांत बोचरे उदाहरण हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) आहे. स्नानगृहातील खुनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नैतिकदृष्ट्या अधिक महत्त्वाचे दृश्य त्यानंतरचे आहे. नॉर्मन मृत स्त्रीचा देह तिच्याच मोटारीत ठेवून ती मोटार दलदलीत ढकलतो. मोटार बुडू लागते आणि मध्येच थांबते. नॉर्मनचा चेहरा, अर्धी बुडालेली मोटार, पुन्हा चेहरा. त्या काही क्षणांत प्रेक्षकही श्वास रोखतो, आणि मोटार पुन्हा बुडू लागली म्हणजे त्याला हायसे वाटते. कशाचे हायसे? खुनाचा पुरावा नाहीसा झाल्याचे. थोड्याच वेळापूर्वी जिच्यासाठी आपण हळहळलो होतो, तिच्याच देहाचा मागमूस पुसला जावा असे आपल्याला वाटून गेलेले असते. हा बदल कोणत्याही युक्तिवादाने घडविलेला नाही. चेहरा आणि वस्तू यांच्या साध्या आलटापालटीने तो घडला आहे. आपली सहानुभूती आपल्या तत्त्वांमागून चालत नाही, आपल्याला दिलेल्या दृष्टिस्थानामागून चालते, हे या दृश्याने सिद्ध होते.

याच्या नेमकी उलट रीत फ्रिट्झ लांगच्या 'एम'मध्ये (१९३१) दिसते. लहान मुलीच्या हत्येचे एकही दृश्य तेथे नाही. आई मुलीला हाका मारते. रिकामा जिना दिसतो, जेवणाच्या टेबलावरचे रिकामे ताट दिसते. झुडपाआडून एक चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. तारांत अडकलेला फुगा वाऱ्याने निघून जातो. कॅमेऱ्याने येथे मारेकऱ्याची जागा नाकारली आहे आणि पाहणाऱ्याची लालसाही नाकारली आहे. आपल्याला ठाऊक होते, पण दिसत नाही. आणि न दिसल्यामुळे ते ठाऊक असणे हलके होत नाही. ताण दोन्हीकडे आहे. एकात तो आपल्याला गुन्ह्यात सामील करून घेतो, दुसऱ्यात अभावापुढे उभे करतो. थरारपट हा एकजिनसी प्रकार मानून त्याच्यावर सरसकट निवाडा देणे का चुकीचे आहे, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

५

मराठी चित्रपटाकडे वळल्यावर प्रथम राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'चा (१९६४) विचार करावा लागतो. पत्नीच्या मृत्यूने खचलेला एक वकील, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, आपणच त्याची पत्नी आहोत असे न्यायालयात सांगणारी स्त्री, असा त्याचा गाभा आहे. राज खोसला यांनी १९६६ साली 'मेरा साया' या नावाने तो हिंदीत आणला. ही शुद्ध रहस्याची रचना आहे. प्रेक्षकाला नायकाहून अधिक काही ठाऊक नसते. चेहरा ओळखीचा आहे, आठवणी नेमक्या आहेत, परंतु मृत्यू डोळ्यांदेखत झालेला आहे. पाहिलेले आणि ऐकलेले यांपैकी खरे काय, हा पेच आहे.

या रचनेची नैतिक मर्यादा तिच्या शेवटात आहे. उलगडा झाला की प्रश्न संपतो. सत्य कोठेतरी दडलेले होते, ते सापडले, आणि सापडल्याबरोबर व्यवस्था पूर्ववत झाली. न्यायालय हे येथे सत्य बाहेर काढणारे निर्मळ यंत्र आहे. असत्याचे मूळ योगायोगात आणि अज्ञानात आहे, समाजात नाही. याला दोष म्हणण्याचे कारण नाही. रहस्यपटाचा तो करारच असतो. परंतु असत्य जेव्हा अज्ञानातून नव्हे तर मौनातून टिकून राहते, तेव्हा ही रचना अपुरी पडते. जे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही, त्याचे रहस्य कसे करावयाचे?

६

या प्रश्नाचे उत्तर 'सामना'ने (१९७५) दिले. रामदास फुटाणे यांची निर्मिती, विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे पहिलेच चित्रपट-दिग्दर्शन असलेला हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवातही गेला होता. सहकारी साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या ग्रामीण सत्तेचे चित्रण म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तो थरारपट म्हणून सहसा वाचला जात नाही. पण त्याची रचना थरारपटाचीच आहे. एक परका माणूस गावात येतो, एका बेपत्ता माणसाचे नाव त्याच्या कानी पडते, आणि त्या माणसाचे काय झाले असे तो विचारू लागतो.

नेहमीच्या रहस्यपटाशी तुलना केली की फरक ध्यानात येतो. मारुती कांबळे या निवृत्त सैनिकाचे काय झाले असावे, हे प्रेक्षकाला फार लवकर उमगते. गावाला तर ते ठाऊकच आहे. नरखेड-काटोल भागातील पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे हा चित्रपट ठेवला असता खुनी कोण, असे त्यांनी विचारले नाही. हा दारुडा मास्तर पुन्हा पुन्हा विचारतो कशाला, असे विचारले. हा प्रश्न भाबडा नाही. चित्रपटाचा ताण नेमका कोठे आहे ते या मुलांनी ओळखले होते. 'कोणी केले?' या प्रश्नाची जागा येथे 'कोण विचारणार?' या प्रश्नाने घेतली आहे. रहस्य माहितीच्या अभावाचे नाही; वाचेच्या अभावाचे आहे.

ही उलथापालथ चित्रभाषेत कशी साधली आहे? एक तर पुनरुक्तीने. मारुती कांबळेविषयीचा तो एकच प्रश्न चित्रपटात पुन्हा पुन्हा येतो. शब्द बदलत नाहीत. भोवतालची परिस्थिती बदलते. आरंभी तो एका माणसाचे कुतूहल असतो, मग तो आडमुठेपणा वाटू लागतो, मग वेड, आणि अखेरीस आरोप. संगीतातील एखादी स्वरावली वेगळ्या ठिकाणी वेगळा अर्थ घेते, तसे हे आहे. प्रत्येक खेपेला प्रेक्षकाचे लक्ष उत्तराकडे न जाता ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे जाते. हिचकॉकच्या दाखल्यात टेबलाखाली बॉम्ब असतो. येथे तो उच्चारलेल्या वाक्यात आहे, आणि टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे.

दुसरे साधन अनुपस्थितीचे. मारुती कांबळे पडद्यावर दिसतो तो भूतकाळातच. वर्तमानाच्या चौकटीत त्याची जागा रिकामी आहे, आणि चित्रपट ती भरून काढीत नाही. 'एम'मधील रिकाम्या ताटाप्रमाणे ही रिकामी जागाच बोलते.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे हिंदुराव धोंडे-पाटील आणि मास्तर यांच्यातील आतिथ्याचा संबंध. निळू फुले यांचा हिंदुराव हा दात-ओठ खाणारा खलनायक नाही. तो मास्तराला आश्रय देतो, दारू पाजतो, त्याच्याशी गप्पा मारतो. श्रीराम लागू यांचा मास्तर त्याचे अन्न खातो. आपल्या समाजात खाल्ल्या मिठाला जागणे हा सद्गुण मानला जातो. त्यामुळे दोघे एकत्र बसलेले दिसले की चौकटीत केवळ भय नसते, मिंधेपणही असते. भयामुळे गप्प बसणारा माणूस स्वतःला दुर्बळ समजतो. मिठामुळे गप्प बसणारा माणूस स्वतःला सज्जन समजतो. मौनाचा हा दुसरा प्रकार अधिक टिकाऊ असतो, कारण त्याला नीतीचे पाठबळ असते. सत्ता माणसांना गप्प बसविते ती बहुधा धाक घालून नव्हे, तर उपकार करून. पाश्चात्त्य थरारपटाच्या नायकाला दार बंद असते, पिस्तूल रोखलेले असते. या मराठी थरारपटाच्या नायकापुढे ताट वाढलेले असते.

म्हणून मास्तराचा प्रश्न हा हिंदुरावाविरुद्धचाच नाही. तो मिठाविरुद्धचा आहे. आणि येथेच कालिदासाच्या त्या तपस्व्याची आठवण येते. फरक असा की तो तपस्वी आश्रमाच्या बळावर मध्ये उभा राहिला होता, आणि राजाही ऐकणारा होता. मास्तराच्या पाठीशी कोणताच आश्रम नाही. स्वातंत्र्यलढ्यातील त्याची पुण्याई दारूत विरघळून गेली आहे. असा मोडका, कोणाच्याही आदरास पात्र न उरलेला माणूस प्रश्न विचारू शकतो, ही या चित्रपटाची कठोर आणि तरीही आशादायक बाजू आहे. प्रश्न विचारण्यासाठी निष्कलंक असावे लागत नाही. ज्यांना गमावण्यासारखे काही आहे, ते सारे गप्प असतात.

७

'सामना'तील गाव कल्पित होते. 'आक्रीत'मागील गाव खरे आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात मुली आणि स्त्रिया यांच्या हत्या झाल्या. गुप्तधन मिळावे आणि अपत्य व्हावे या हेतूने दिलेले ते बळी असल्याचे तपासातून पुढे आले. अमोल पालेकर यांनी १९८१ साली 'आक्रीत' हा आपला पहिला चित्रपट या घटनांच्या आधारे दिग्दर्शित केला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. सत्तरच्या दशकात नेहरू शिष्यवृत्ती घेऊन तेंडुलकरांनी समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता. त्यामुळे या दोन पटकथांकडे एकाच चिंतनाचे दोन टप्पे म्हणून पाहता येते.

मोवाडच्या निमित्ताने जो प्रश्न उपस्थित केला होता, तो येथे प्रत्यक्ष समोर येतो. गरीब घरांतील ज्या मुली खरोखर मारल्या गेल्या, त्यांच्यावरून आपण पुढची कोण याची वाट पाहत बसायचे काय? साधारणीकरणाचा आधार येथे पुरेसा नाही. ज्यांना देश-काळ-व्यक्तीच्या बंधनातून मुक्त करावयाचे, त्यांना आधी त्यांचा देश, काळ आणि व्यक्तित्व मिळालेले असावे लागते. ज्यांची नोंदच झालेली नाही, त्यांचे साधारणीकरण म्हणजे दुसऱ्यांदा पुसले जाणे.

'आक्रीत' या आक्षेपातून वाट काढतो ती दृष्टिस्थानाच्या निवडीने. तपास करणाऱ्याबरोबर न जाता तो मुकुटराव आणि रुही यांच्याबरोबर, म्हणजे ज्यांच्या घरात हा विचार जन्मला त्यांच्याबरोबर चालतो. कोण, या प्रश्नातील उत्सुकता त्यामुळे आधीच गळून पडते. उरतो तो एक भयंकर सामान्यपणा. धनाची आस, अपत्याची आस, गावातील वजन, आणि मंत्रतंत्रावरील विश्वास यांतून हत्येचा निर्णय एखाद्या शेतीच्या व्यवहारासारखा घेतला जातो. शीर्षकाचा उपरोध येथे उलगडतो. 'आक्रीत घडले' असे आपण म्हणतो तेव्हा जे घडले ते आपल्या जगाबाहेरचे होते, असे आपण स्वतःला बजावीत असतो. तो शब्द बोलणाऱ्याला मोकळा करतो. चित्रपट दाखवितो ते असे की यात आक्रीत काहीच नव्हते. या घटनेची प्रत्येक काडी नित्याच्या कुडातून उपसलेली होती. मानवतनंतर सुमारे चाळीस वर्षांनी, २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला. आक्रीत म्हणून बाजूस सारलेली गोष्ट किती काळ नित्याची राहते, याचे हे माप आहे.

याच घटनांवर २०२४ साली आशिष बेंडे दिग्दर्शित 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. तपासाधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचा तिला आधार आहे आणि साहजिकच दृष्टिस्थान तपासाधिकाऱ्याचे आहे. या निवडीचेही मूल्य आहे. ज्ञान हे फुकट मिळत नाही, साक्ष देणाऱ्यांच्या मौनाशी झुंजून ते मिळवावे लागते, हे अशा रचनेत दिसते. परंतु तपासाच्या रचनेत ताणाला एक ठरलेला निकास असतो. आरोपी सापडले की आपले जाणतेपण त्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून आपण मोकळे होतो. ज्याने पाहायचे त्याने पाहिले, ज्याने पकडायचे त्याने पकडले. ॲरिस्टॉटलच्या विरेचनाचे हे आधुनिक, प्रशासकीय रूप म्हणता येईल. 'आक्रीत'मध्ये हा निकास मिळत नाही. कोणाच्या स्वाधीन करावे असे कोणी पडद्यावर नसल्यामुळे जे कळले ते प्रेक्षकाला आपल्याबरोबर घरी न्यावे लागते.

यावरून एक निकष सुचतो. वास्तवातील हिंसेवर आधारलेला थरारपट समर्थनीय आहे की नाही, हे त्यात किती रक्त दिसते यावरून ठरत नाही. त्यातील ताण शेवटी कोठे विसर्जित होतो, यावरून ते ठरते. मृतांचे ऋण जर कथानकाच्या उलगड्यानेच फिटत असेल, तर त्यांचा वापर झाला असे म्हणावे लागेल. ते ऋण शेवटच्या चौकटीनंतरही शिल्लक उरत असेल, तर त्यांची आठवण राहिली.

८

येथवरचे विवेचन गावांभोवती फिरत राहिले आहे. त्यातून मौन ही ग्रामीण सत्तासंबंधांचीच उपज आहे, असा समज होऊ नये म्हणून पुण्यात घडणाऱ्या एका चित्रपटाचा उल्लेख करतो. श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (२०१८) हिंदी आहे आणि त्याचे बीज 'द पियानो ट्यूनर' या फ्रेंच लघुपटात आहे. आंधळेपणाचे सोंग घेतलेला एक पियानोवादक एका घरात वाजवायला जातो आणि तेथे त्याला प्रेत दिसते. दिसले हे दाखवायचे नाही. बोटे थांबवायची नाहीत. चौकटीच्या एका भागात वादन आणि दुसऱ्या भागात प्रेताची विल्हेवाट, आणि संवाद जवळजवळ नाहीत. प्रेक्षक दोन्ही पाहतो. संगीत येथे ताण वाढविण्यासाठी प्रतिमेवर चढविलेले नाही. तेच मौनाचे साधन झाले आहे. जोवर सूर चालू आहेत तोवर कोणी काही पाहिलेले नाही. पुढे शेजारच्या ज्या वृद्धेने पाहिलेले पोलिसांना सांगितले, तिला उंचावरून ढकलून दिले जाते. बोलण्याची किंमत काय, याचा हा शहरी हिशेब आहे. 'डोळ्यांवर कातडे ओढणे' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार दिग्दर्शकाने अक्षरशः पडद्यावर आणला आहे. फरक एवढाच की या चित्रपटात आपण हसतो, आणि ते हसू आपल्याला कोणत्या बाजूला नेऊन बसविते हे नंतर कळते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्रगृहातील प्रेक्षक काही करू शकत नाही. ही थरारपटाची त्रुटी नसून त्याची अट आहे. या अटीचे दोन परिणाम संभवतात. एक असा की जाणूनही काही न करण्याची सवय सुखकर होत जावी, आणि पडद्याबाहेरही आपण उत्कंठेने पाहणारेच राहावे. रस्त्यावरील प्रसंग हातातील फोनवर टिपत उभ्या राहणाऱ्या गर्दीची वृत्ती या परिणामाहून फार दूर नाही. दुसरा परिणाम असा की न करता येण्याची तीच अट बोचावी. खुर्चीत बसून जे ओझे दोन तास वाहिले, ते बाहेर पडल्यावर कोठे ठेवायचे, असा प्रश्न पडावा. यांपैकी कोणता परिणाम होईल हे बरेचसे प्रेक्षकावर अवलंबून आहे हे खरे; परंतु ते कॅमेऱ्याच्या जागेवर, तोडलेल्या दृश्यावर आणि रिकाम्या ठेवलेल्या चौकटीवरही अवलंबून आहे. म्हणून तंत्राची समीक्षा ही नीतीच्या समीक्षेची पूर्वतयारी नव्हे. तीच नीतीची समीक्षा आहे.

मराठी समाजाला रहस्यांची उणीव आहे असे वाटत नाही. परंतु त्यांतील बहुतेकांची उत्तरे कोणाला ना कोणाला ठाऊक असतात. ज्या थरारपटाला या समाजाविषयी काही सांगायचे असेल, त्याला उत्तर लपवून फारसे काही साधणार नाही. उत्तर सर्वांसमोर ठेवून, ते उच्चारणे इतके अवघड का होते, हे त्याला दाखवावे लागेल. 'सामना'ने तो मार्ग पन्नास वर्षांपूर्वी दाखविला आहे. त्या मार्गाने पुढे फार थोडे गेले, याची कारणे केवळ चित्रपटसृष्टीच्या अर्थकारणात शोधून चालणार नाही. आपण सारे कोणाकोणाचे मीठ खातो, हेही तपासावे लागेल.